कफाच्या कल्चरचा (कफातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट 'नमुना योग्य नाही, पुन्हा द्या' असा आला. लॅब पैसे उकळतेय का?

वडिलांना तीन आठवडे खोकला, गोळ्यांचे दोन कोर्स होऊनही उतार नाही, आणि त्यात लॅबने डबी परत केली. तुमचा संताप मला कळतो. पण मी तालुक्याच्या गावी लॅबमध्ये हेच काम करते, म्हणून सांगते: नमुना परत करणाऱ्या लॅबवर विश्वास ठेवा.

डबी आली की आम्ही आधी काचेवर लेप देऊन ग्रॅम स्टेन करतो, म्हणजे पेशी आणि जंतू दिसावेत म्हणून रंग देतो. खरा बेडका असेल तर सूक्ष्मदर्शकाच्या कमी पॉवरखाली एका फील्डमध्ये (एका वेळी दिसणाऱ्या गोलात) 25 पेक्षा जास्त पू-पेशी दाटीने दिसतात. नुसती थुंकी असेल तर गालाच्या आतल्या मोठ्या, चपट्या पेशीच पसरलेल्या असतात. त्या 10 च्या वर गेल्या की नमुना बाद. तोंडात जंतू कायमच असतात. त्यात अँटिबायोटिक्स झालेली असली की क्लेबसिएलासारखे चिवट जंतू तिथे ठाण मांडतात. थुंकी कल्चरला लावली तर जंतू वाढवायच्या प्लेटवर तेच उगवणार, रिपोर्टभर 'रेझिस्टंट' (औषधाला दाद न देणारा) येणार आणि छातीत नसलेल्या जंतूसाठी वडिलांना महागडी इंजेक्शनं सुरू होणार.

उद्या सकाळी उठल्याउठल्या, काही खाण्याआधी, त्यांना साध्या पाण्याने चुळा भरू द्या. दोन-तीन दीर्घ श्वास, मग छातीतून खोकून घट्ट बेडका डबीत. दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. नवीन अँटिबायोटिक सुरू होणार असेल तर नमुना त्याआधी द्या, कारण न्यूमोकोकससारखा नाजूक जंतू एक-दोन डोसांनंतर उगवतच नाही. मात्र धाप लागत असेल तर नमुन्यासाठी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. आधी जंतू उगवायला हवा, मग त्यावर औषधाच्या चकत्या ठेवून भोवतालचं स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. जंतू चकतीला भिडून वाढला, तर ते औषध त्याच्यावर चालत नाही.

आणखी एक, आणि हे टाळू नका. या कल्चरमध्ये टीबी कळत नाही. दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी करायचीच, ती मोफत आहे. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट मशीन बॅटरीवर चालतं, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येतं. टीबी आहे का आणि त्यावर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का, हे त्यात काही तासांत कळतं.

झालेल्या कोर्समध्ये लिव्होफ्लॉक्सॅसिन होतं का, तेही बघा. त्याने टीबी काही दिवस दबतो आणि निदान लांबतं. गोळ्यांची रिकामी पाकिटं डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.