दोनदा भात का?

प्रिय चिमणे,

काल फोनवर तू विचारलंस आणि तेवढ्यात तुझं दार वाजलं, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. तुझ्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीने तुला आधी वरणभात खाताना पाहिलं, मग पोळीभाजी, आणि शेवटी पुन्हा दहीभात कालवताना. "एकाच जेवणात तोच भात दोनदा?" असं तिने विचारलं आणि तुला काही सांगता आलं नाही.

बाळा, तो 'तोच' भात नसतो.

पहिला भात भुकेसाठी. कडकडून भूक लागलेली असताना एकदम तिखट-तळलेलं पोटात जाऊ नये, म्हणून आधी मऊ गरम भात, त्यावर हिंग-हळदीचं गोडं वरण, तूप आणि लिंबाची फोड. सणाच्या पानात याचीच मूद पाडतात. आजी कशी पाडायची आठवतंय? वाटी आतून ओली करायची, भात भरून डावाच्या पाठीने हलकेच दाबायची, पानावर उपडी घालून वाटीच्या बुडावर एक टिचकी मारायची. मग मुदीच्या डोक्यावर वरण, आणि त्यावर तूप, ते कडेने ओघळत खाली येईल असं. पंगतीत तूप वाढून झाल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करत नाही.

शेवटचा भात वेगळ्या कामाचा. तिखट, तळलेलं, गोड सगळं खाऊन झालेलं असतं, तेव्हा ताक नाहीतर दही, चिमूटभर मीठ आणि चार घास भात. जीभ शांत होते. कुडाळला आमच्या घरी मासे असले की पहिला भात बांगड्याच्या आमटीशी आणि शेवटचा सोलकढीशी. सोमवारी मासे नाहीत, त्या दिवशी वरणभात. लग्नाच्या पंगतीत या दोघांच्या मध्ये मसालेभात येतो: तोंडली, गोडा मसाला, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. तो पोट भरायला नसतोच, तो मिरवायला असतो.

पण मैत्रिणीला एक गोष्ट खरी सांग. सगळी मराठी माणसं असं जेवत नाहीत. तुझी आई बार्शीची. तिच्या लहानपणी रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. तांदूळ विकत आणायचा, त्यामुळे भात सणाला, पाहुणा आला तर, नाहीतर कुणी आजारी असलं तर. आमच्याकडे मात्र दाराशी भाताची खाचरं, सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, आणि दोन्ही वेळा भात. मालवणीत शिजलेल्या भाताला आम्ही 'शीत' म्हणतो. आई अजूनही तांदूळ मोजताना वाटी सपाट करते, मी शीग लावून घेतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे बदललं नाही.

तू म्हणालीस की वरण भातावरून नुसतं घसरून जातं. तो बासमतीचा गुण आहे. त्याची शितं लांब, सुटी राहतात. मसालेभाताला ते चालतं, वरणभाताला नाही. वरणभाताला चिकटपणा लागतो. इंडियन दुकानात इंद्रायणी मिळाला तर तो घे. मावळात वडगावच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून तो तयार झाला, 1987 मध्ये. शिजताना आंब्याच्या मोहोराचा पुसटसा वास येतो. तो नाही मिळाला तर सुपरमार्केटमधला पुडिंग राईस आण, मऊ भाताला छान होतो. झाला की नाही हे घड्याळावर ठरवू नकोस. एक शीत अंगठा आणि तर्जनीत चिरड. मध्ये पांढरा कणीसारखा ठिपका राहिला तर पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं झाकून ठेव. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

उरलेल्या भाताचं काय करायचं, हेही विचारलं होतंस. फोडणीचा भात कर. रात्रीचा भात ओल्या हातांनी मोकळा कर, तेलात मोहरी, हिंग, शेंगदाणे, कांदा, हळद, तिखट, मग भात आणि साखरेची चिमूट. झाकण ठेवून एक वाफ. तळाला थोडा खरपूस लागला तर मुद्दाम खरवडून खा, मला तोच भाग सगळ्यात आवडतो. मात्र आजी रात्रभर भात ओट्यावर झाकून ठेवायची, तसं तू करू नकोस. शिजलेल्या भातात असे जंतू वाढतात की त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तासाभरात पसरट ताटलीत गार करून फ्रिजमध्ये टाक आणि दुसऱ्या दिवशी संपव.

तुझा आवाज बसलेला वाटला. आईने मेतकुटाची पुडी आणि तुपाची लहान बरणी पाठवली आहे, मंगळवारपर्यंत पोचेल. एक वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी, मीठ, मंद आच. डावाने घोटून गुरगुट्या कर. वाढून घेतल्यावर मेतकूट वरून घाल, शिजताना नाही, नाहीतर वास उडून जातो. आणि भांडं खोल घे, हा भात हमखास उतू जातो.

तुझा,
बाबा