डास शोधायला निघालास तर

घरोघरी डासांच्या अळ्या शोधायच्या कामावरचा पहिला पावसाळा ना तुझा? मग नुसता नाल्यांमागे धावू नकोस. तिथला क्युलेक्स डास चावून हैराण करतो खरा, पण मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनाफिलीस स्टीफेन्सी गच्चीवरच्या टाकीत वाढतो, आणि डेंग्यूचा एडिस फ्रिजमागच्या ट्रेत, मनी प्लांटच्या बाटलीत. टॉर्च मार. अळी पाण्याला समांतर पडलेली दिसली की अ‍ॅनाफिलीस. डोकं खाली घालून तिरकी लटकत असेल तर बाकीचे दोघे. पाणी नुसतं ओतायला सांगू नकोस, भांड्याच्या कडा घासायला लाव, तिथं चिकटलेली एडिसची अंडी कोरडीही महिनोन्‌महिने टिकतात. अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस, म्हणून फेरी आठवड्याची. आणि दारात उभं राहून काकूंना ‘तुमच्याकडे डास आहेत’ म्हणू नकोस, दार बंद होतं. आधी प्यायला पाणी माग.