पहिल्या अधिवेशनाला निघण्यापूर्वी

आमदार म्हणून निवडून आल्यावर इंदूरच्या राजवाड्यावर निघालेल्या तुमच्या मिरवणुकीचा गुलाल उतरला असेल, म्हणून आता लिहितो. भोपाळच्या 230 सदस्यांच्या विधानसभेत नवख्या आमदाराच्या हातातले खरे साधन भाषण नव्हे, तर तारांकित प्रश्न होय. तो पुकारला गेला की मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. माझा पहिला प्रश्न नळाच्या पाण्याविषयी होता. कोणत्या गल्लीत किती वाजता पाणी येते, हे मी टिपून नेले नव्हते, त्यामुळे पूरक प्रश्नालाच अडखळलो, याची खंत आजही वाटते. पराभवाला भिऊ नका. सुमित्राताई महाजन 1985 मध्ये विधानसभेची निवडणूक हरल्या, पण 1989 पासून इंदूरकरांनी त्यांना सलग 8 वेळा लोकसभेत पाठवले. तूर्त तुम्ही पाण्याच्या वेळांची वही गल्लीगल्लीत फिरून स्वतः भरा, कार्यकर्त्यांवर सोपवू नका.