बारावीनंतर जर्मनीत फिजिक्स: फी नाही, पण केटी चालत नाही

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा मुंबईत बारावी सायन्सला, स्टेट बोर्ड, जेईईचा क्लास चालू आहे पण इंजिनिअरिंगमध्ये मन नाही, त्याला फिजिक्सच करायचंय, आणि कोणीतरी सांगितलं की जर्मनीत शिक्षण फुकट असतं, तर बारावी झाल्या झाल्या जाता येईल का, मार्क किती लागतात आणि तिकडे नेमकं शिकवतात काय. मी मुलुंडची, 2017 पासून जर्मनीत, गोटिंगेनला आधी फिजिक्सचं बॅचलर आणि मग मास्टर्स केलं. माहीत आहे तेवढं सगळं लिहिते, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बारावी झाल्या झाल्या थेट विद्यापीठात, तर नाही. जर्मन लोकांच्या हिशोबात आपली बारावी त्यांच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेपेक्षा थोडी कमी पडते. मग ती कमी भरून काढायचे रस्ते आहेत. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड क्वालिफाय झाला तर फिजिक्ससारख्या विषयाला थेट अर्ज करता येतो, आयआयटीची सीट मिळालीच पाहिजे असं नाही, रँक लिस्टमध्ये नाव आलं की झालं. पण ते "झालं" म्हणणं सोपं आहे, 2024 ला साधारण 1 लाख 80 हजार पोरांनी अ‍ॅडव्हान्स्ड दिली आणि 48 हजारांच्या आसपास क्वालिफाय झाली, आणि ही ती पोरं जी आधीच मेन्समधून चाळून आलेली. क्लास चालूच आहे तर देऊ दे त्याला, नुकसान काही नाही, फक्त सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

अजून एक म्हणजे श्टुडिएनकोलेग. हा तिकडचा एक वर्षाचा तयारीचा कोर्स, सायन्सवाल्यांसाठी टी-कुर्स असतो, त्यात गणित, फिजिक्स, जर्मन वगैरे, आणि शेवटी एक परीक्षा, ती पास झाली की विद्यापीठाला अर्ज. सरकारी श्टुडिएनकोलेगला फी नसते पण आत शिरायलाच जर्मन आणि गणिताची परीक्षा द्यावी लागते, जर्मन साधारण बी1-बी2 तरी पाहिजे (भाषेच्या पायऱ्या ए1, ए2, बी1, बी2, सी1 अशा चढत जातात). खाजगीपण असतात आणि तिथे युरोंत हजारांनी फी घेतात, ठाण्यापासून बोरिवलीपर्यंत जे कन्सल्टंट आहेत ना ते बहुतेक हेच विकतात. तिथे पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा की तुमच्या शेवटच्या परीक्षेला कुठलं विद्यापीठ मान्यता देतं, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, त्या विद्यापीठाला मेल करून घ्या.

आणि तिसरा रस्ता, माझा, आणि माझं मत विचाराल तर तुमच्या मुलासाठीही हाच. इथेच मुंबईत फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सीला अ‍ॅडमिशन घ्यायची, पहिलं वर्ष पास व्हायचं, आणि त्या जोरावर थेट जर्मन विद्यापीठाच्या पहिल्या सेमिस्टरला अर्ज करायचा. लोक म्हणतात वर्ष फुकट जातं. अहो जाऊ दे ना! त्या वर्षात पोरगं घरचं जेवतं, जर्मन शिकतं, आणि मुख्य म्हणजे त्याला कळतं की आपल्याला फिजिक्स आवडतं की फक्त क्लासमधले फिजिक्सचे सर आवडतात. कलिन्याला सीईबीएस ही मूलभूत विज्ञानाची संस्था आहे, तिथे नेस्ट या प्रवेश परीक्षेतून पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी असतं, त्याचाही फॉर्म भरून ठेवा. ते मिळालं तर कदाचित जर्मनीचं खूळ आपोआप उतरेल, आणि उतरलं तर वाईट वाटून घेऊ नका, चांगली जागा आहे.

आता यात एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडले. पहिलं वर्ष "पास" म्हणजे दोन्ही सेमिस्टरचे सगळे विषय पास. माझी सेम टूला केमिस्ट्रीत केटी लागली होती, म्हणजे तो विषय राहिला होता. आपल्याकडे केटी म्हणजे काय, एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात बसायचं, कोणी ढुंकून बघत नाही, आणि ठाण्यातल्या एका कन्सल्टंटने मला छातीठोक सांगितलं, काही होत नाही, टाका अर्ज. टाकले सहा अर्ज. सहाही ठिकाणांहून नकार, कारण एकच, पहिलं वर्ष पूर्ण नाही. बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि कन्सल्टंट अजूनपर्यंत बोललेला नाही. केटी सोडवली, एसवाय म्हणजे दुसरं वर्ष केलं, आणि पुढच्या वर्षी त्याच मार्कशीटवर दोन ठिकाणी अ‍ॅडमिशन मिळाली. त्यामुळे मुलाला सांगा की नव्वद टक्के नकोत, पण एकही विषय मागे राहता कामा नये.

मार्कांचं म्हणाल तर बॅचलर फिजिक्सला बहुतेक विद्यापीठांत कटऑफच नसतो, पात्र असाल आणि भाषा असेल तर जागा मिळते, आपल्याकडच्या मेरिट लिस्टची सवय असल्यामुळे हे पटायला वेळ लागतो. तरी तुमचे टक्के ते त्यांच्या स्केलवर बदलतात, तिकडे 1.0 सगळ्यात चांगला आणि 4.0 म्हणजे जेमतेम पास. फॉर्म्युला असा, 100 मधून आपले टक्के वजा, त्याला 100 वजा पासिंगने भागा, तीनने गुणा, त्यात एक मिळवा. बारावीला 80 टक्के आणि पासिंग 35 धरलं तर 1.9 येतो, जो तिकडे चांगलाच धरतात. बारावीला व्होकेशनल विषय घेतलाय का तेवढं बघा, कारण बारावीचे विषयही तिकडे बघतात, आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कम्प्युटर सायन्स घेऊन भाषा नि बायो टाळतात, आनाबिन म्हणून जर्मन सरकारी डेटाबेस आहे त्यात भारताच्या पानावर विषय जुळवून घ्या.

भाषा. खरी अडचण इथे आहे. इंग्रजीत फिजिक्सचं बॅचलर फार थोड्या ठिकाणी, लाइपझिगला आहे, ब्रेमेनला एक खाजगी विद्यापीठ आहे ज्याची फी ऐकून तुम्ही चहा खाली ठेवाल. बाकी सगळं जर्मनमध्ये, आणि त्यासाठी टेस्टडाफ नावाच्या परीक्षेत चारही भागांत 4 किंवा विद्यापीठांच्या डीएसएच या भाषेच्या परीक्षेत डीएसएच-2 लागतं, म्हणजे साधारण सी1. शून्यातून तिथे पोचायला नेटाने दीड-दोन वर्षं जातात. मी शनिवारी मुलुंडहून फास्ट पकडून सीएसएमटी, तिथून चालत काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन, आणि येताना गाडीत उभ्या उभ्या डेर-डी-दासची, म्हणजे जर्मन शब्दांच्या लिंगांची वही. ए1, ए2 मजेत जातात, बी1 नंतर अर्धा वर्ग गळतो. आता हिशोब घाला, पहिल्या वर्षाचा सेम टूचा निकाल लागेपर्यंत जून येतो, कधी त्याहून उशीर, आणि ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या हिवाळी सेमिस्टरच्या अर्जाची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी 15 जुलै, काही ठिकाणी आणखी आधी. मधे एपीएस पण करायचं असतं, माझ्या वेळी नव्हतं, नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना सक्तीचं झालंय, तुमचे कागद खरे आहेत का हे तपासून सर्टिफिकेट देतात, फी 18,000 रुपये, त्यालाही काही आठवडे जातात. म्हणजे एफवायनंतर, पहिल्या वर्षानंतर, लगेच त्याच ऑक्टोबरला जाणं कागदावर जमतं, प्रत्यक्षात धावपळ होते. दोन वर्षं धरून चला. आणि दोन वर्षांत जर्मन बी2च्या पुढे गेलंच नाही तर जबरदस्ती करू नका, बीएस्सी इथेच पूर्ण करू दे आणि मास्टर्सला जाऊ दे, मास्टर्सचे इंग्रजीतले कोर्स भरपूर आहेत.

"फुकट" चं पण सांगते. बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही हे खरं, सेमिस्टरला शंभर ते चारशे युरोपर्यंत एक वर्गणी असते, त्यात बऱ्याचदा ट्रेन-बसचा पास येतो. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात मात्र, म्हणजे हायडेलबेर्ग, श्टुटगार्ट, कार्ल्सरूह वगैरे, युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो, आणि म्युनिकच्या टीयूने, म्हणजे टेक्निकल युनिव्हर्सिटीने, पण 2024 पासून फी लावलीय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे, तिकडे गेल्यावर महिन्याला 992 हातात मिळतात. म्हणजे दहा-बारा लाख तर आधीच बाजूला काढायचे, ते पैसे मुलाचेच असतात पण घरातून तर जातात ना. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायला परवानगी आहे, पण पहिल्या वर्षी कामाच्या पैशावर घर चालेल असं धरू नका, का ते आता सांगते.

कोर्स सहा सेमिस्टरचा, 180 क्रेडिट. साधारण सगळीकडे साचा सारखाच. एक्स्पेरिमेंटल फिजिक्स चार भागांत, मेकॅनिक्सपासून सुरू करून इलेक्ट्रिसिटी, ऑप्टिक्स, मग अ‍ॅटम, न्यूक्लियस, सॉलिड स्टेट. समांतर थिअरॉटिकल फिजिक्स, त्यात लाग्रांज-हॅमिल्टन, मॅक्सवेल, क्वांटम, स्टॅटिस्टिकल. वर गणित, लॅब, एखादा बाहेरचा विषय, थोडं प्रोग्रामिंग, शेवटी थिसिस. पण पहिल्या वर्षी जे पोरांना झोपवतं ते फिजिक्स नाहीच, ते गणित. आपल्याकडे बारावीला इंटिग्रेशन धडाधड करता येतं, जेईईवाल्याला तर झोपेत येतं, मला वाटलं होतं मी भाव खाऊन जाणार. आमच्या अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे गणिताच्या विषयाच्या, पहिल्या शीटवरचा (घरी सोडवायच्या गणितांच्या कागदावरचा) प्रश्न: कुठल्याही संख्येला शून्याने गुणलं तर शून्य येतं हे सिद्ध करा. मी लिहिलं, उघड आहे. पेपर परत आला तेव्हा समोर लाल पेनने एकच शब्द, "वारूम?", म्हणजे का? आणि शून्य मार्क. पुढचे तीन महिने एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर सिद्धता. शाळेत पाठ केलेला प्रत्येक फॉर्म्युला कुठून आला ते सुरुवातीपासून मांडायचं.

या शीटचं प्रकरण नीट समजून घ्या. दर आठवड्याला प्रत्येक विषयाची एक शीट, चार-पाच गणितं, दोघा-तिघांनी मिळून सोडवायची, ठरलेल्या वेळेच्या आत पेटीत टाकायची. सेमिस्टरभर मिळून साधारण निम्मे मार्क झाले तरच शेवटच्या परीक्षेला बसू देतात. म्हणजे आपल्यासारखं वर्षभर उंडारून शेवटच्या महिन्यात ट्वेंटी-वन सेट घेऊन बसायची सोय नाही. आणि परीक्षेचे बहुतेक ठिकाणी तीनच चान्स. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा उडाला तर कोर्समधून बाहेर, आणि मग जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही तोच कोर्स घेता येत नाही. आमच्या बॅचमधली निम्मी पोरं दुसऱ्या वर्षापर्यंत दिसेनाशी झाली होती, त्यात जर्मनच जास्त होते, कारण कटऑफ नसल्यामुळे सगळे आत येतात. मला स्वतःला सहाच्या ऐवजी आठ सेमिस्टर लागली, तिकडे कोणी त्याचं काही वाटून घेत नाही, फक्त व्हिसा वाढवताना प्रगती दाखवावी लागते.

लॅबचं एक सांगायचं राहिलं. आपली बारावीची जर्नल आठवते ना, मीटर ब्रिज, सोनोमीटर, सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची, ग्राफ सरळ यावा म्हणून एखादा बिंदू इकडेतिकडे सरकवायचा, सरांची सही, विषय संपला. मी पहिल्या लॅबला पेंड्युलमवरून जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, काढला, 9.81 आला, मी खूश. ट्युटरने विचारलं, एरर किती? म्हटलं काहीच नाही, बरोबर आलाय. तो हसला आणि रिपोर्ट परत दिला. दोरीची लांबी मोजताना पट्टी किती चुकू शकते, स्टॉपवॉच दाबायला बोटाला किती वेळ लागतो, हे सगळं धरून उत्तर किती वर-खाली होऊ शकतं ते लिहायचं होतं. शेजारच्या पोराला 9.6 आला होता, एरर नीट मांडला होता, त्याला चांगले मार्क. आजकाल टायअप कॉलेजं झालीत जिथे पोरं फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तोंड दाखवतात, तुमचा मुलगा तशा ठिकाणी असेल तर एफवायला तरी लॅब बुडवू देऊ नका.

विद्यापीठ निवडताना नावाच्या मागे लागू नका, बॅचलरला सगळीकडे हेच शिकवतात, लहान गाव बघा, खोली मिळते आणि भाडं कमी. गोटिंगेन मला आवडलं त्याचं कारण तर अगदीच फालतू आहे, तिथल्या स्मशानात माक्स बॉर्न या क्वांटमवाल्या शास्त्रज्ञाची कबर आहे आणि दगडावर क्वांटम मेकॅनिक्सचं समीकरण कोरलंय, त्याच आवारात क्वांटमची सुरुवात करणाऱ्या माक्स प्लांकची पण आहे. परीक्षेच्या आधी आम्ही तिथे चक्कर मारायचो, आपल्याकडे सिद्धिविनायकाला जातात तसं.

आत्ता लगेच करण्यासारखं एकच काम, पासपोर्ट. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं नाव, आणि आईचं वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये टाकलंत तर सगळीकडे तेच टाका, नाही टाकलंत तर कुठेच नको, एपीएस, बँक, विद्यापीठ, तिन्हीकडे स्पेलिंगसकट एकसारखं पाहिजे. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी हजेरीच्या यादीत मधलं नाव वाचून ट्युटरने मला बाबांच्या नावानेच हाक मारली, आणि मी इकडेतिकडे बघत राहिले की बाबा इथे कधी आले.