अण्णांची बायॉप्सी आणि तुमची रजा

प्रश्न : माझे वडील परभणीजवळच्या गावी असतात, वय 72. लघवीतून रक्त जायचं, तर उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी चालू होतं. आता मूत्रनलिकेचा, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीचा कॅन्सर निघालाय. संभाजीनगरला किडनी आणि नलिका काढणार आहेत. तिकडे दादा-वहिनी आहेत, मी जर्मनीत. रजा तीनच आठवडे मिळेल. नेटवरचे आकडे वाचून झोप उडाली. अण्णांकडे किती वर्षं आहेत?

उत्तर : ते आज कुणीच सांगू शकत नाही. ऑपरेशनआधी सर्जनलाही पक्कं सांगता येत नाही. गाठ नलिकेच्या भिंतीत किती खोल गेली, लसिकाग्रंथीत पोचली का, पेशी किती आक्रमक, हे काढलेल्या भागाच्या बायॉप्सीत कळतं. गाठ वरच्या थरातच असेल तर बहुतेक रुग्ण पाच वर्षं सहज ओलांडतात. भिंतीबाहेर गेली असेल तर चित्र बरंच वाईट. नेटवर या दोन्ही टोकांच्या माणसांची सरासरी असते. शिवाय मूत्राशयाच्या कॅन्सरचे आकडे इथे लावू नका. हा त्याचाच भाऊबंद, पण सापडतो तेव्हा बहुधा जास्त खोल गेलेला असतो.

म्हणून रजा ऑपरेशनच्या दिवसाला जोडू नका. थिएटरबाहेर बसायला दादा-वहिनी आहेत. रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो, खरे निर्णय तेव्हा होतात, त्या वेळी तुम्ही तिथे असा. गाठ स्नायूपर्यंत किंवा ग्रंथीत गेली असेल तर केमोचा विषय निघतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘पाउट’ चाचणीत ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत केमो सुरू केली होती. तीन वर्षांनी आजार न उलटलेले 71 टक्के होते, नुसत्या देखरेखीवर ठेवलेल्यांत 46. ‘जरा अंगात ताकद येऊ द्या, दिवाळीनंतर बघू’ असं घरात कुणी म्हणालं तर या 90 दिवसांचा हिशेब त्यांच्यापुढे मांडा.

एक प्रश्न मात्र ऑपरेशनआधीच, फोनवर का होईना, डॉक्टरांना विचारा : एक किडनी गेल्यावर उरलेलीला सिसप्लाटिन हे केमोचं औषध झेपेल का, की केमो आधीच द्यावी? अण्णांचा क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते ते दाखवणारा) रिपोर्ट हाताशी ठेवून विचारा.

पुढे खरी कसोटी गावाकडची. ऑपरेशन उत्तम झालं तरी साधारण 22 ते 47 टक्के रुग्णांत मूत्राशयात पुन्हा गाठ उगवते. ती लवकर सापडली तर बहुतेकदा दुर्बिणीनेच काढता येते. पण अण्णांना काही दुखत नसणार, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी ऐन पेरणीत एसटीने संभाजीनगर गाठायला आपला शेतकरी तयार होत नाही. पहिली दुर्बिणीची तपासणी तीन महिन्यांनी असते. तारीख दादाच्या फोनमध्ये टाका, गाडीभाडं तुम्ही पाठवा. विडी ओढत असतील तर ती सुटायलाच हवी.

आणि ‘कॅन्सर म्हणून सांगू नका, हाय खातील’ हे ऐकू नका. वर्षानुवर्षं तपासण्या करायच्या आहेत त्यांना, कशासाठी ते ठाऊक नसेल तर दुसऱ्याच खेपेला ‘मला काय झालंय’ म्हणून नकार देतील.