माळ्यावरचा पसारा आणि आईचा ‘आजार’

मे महिन्यात मुंबईकर गावी आले की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, मॅडम आई काहीच टाकू देत नाही, तिला ते होर्डिंग का काय म्हणतात, वस्तू साठवत राहायचा आजार, तो झालाय का? रील्स बघून लोक हल्ली आजाराचं नाव ठरवूनच येतात. यावर एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

दापोली तालुक्यातलं घर, चिऱ्याचं, कौलारू, वर लाकडी माळा. आई सत्तरीच्या, एकट्या राहतात, मुलगा डोंबिवलीला. त्याला पुढच्या दोन खोल्यांत होमस्टे काढायचा होता आणि सुताराने बजावलेलं की एका तुळईला वाळवी लागलीय, माळ्यावरचं वजन उतरवल्याशिवाय मी हात लावणार नाही. म्हणजे मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पठ्ठ्याने केलं काय, तर आई बारशाला गेल्यावर भंगारवाल्याचा टेम्पो बोलावला आणि निम्मा माळा रिकामा. आई आल्या, वर बघितलं, काहीच बोलल्या नाहीत. "भांडली असती तर परवडलं असतं," तो मला म्हणाला. मग जेवण कमी झालं, झोप उडाली, आणि रात्री बॅटरी घेऊन शिडीने वर चढून उरलेलं सामान बघून यायला लागल्या. तेव्हा तो घाबरला आणि मला फोन केला.

आधी आजाराचं बोलू. होर्डिंग डिसऑर्डर हे स्वतंत्र निदान म्हणून अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात, २०१३ साली आलं, त्याआधी ते ओसीडीच्या, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, पोटात धरायचे. त्यात वस्तूची किंमत कितीही फुटकळ असली तरी ती टाकताना माणसाला खरोखर त्रास होतो आणि पसारा इतका वाढतो की राहत्या जागा वापरता येत नाहीत, म्हणजे ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही, असं. माळा, पडवी, गोठा नुसता भरलेला असणं यात धरत नाहीत. या हिशोबाने कोकणातलं प्रत्येक दुसरं घर आजारी ठरलं असतं हो. या आईंचं स्वयंपाकघर माझ्यापेक्षा लख्ख होतं, खरं सांगते.

घरी गेले तेव्हा मी माळ्याचा विषयच काढला नाही. चहा घेता घेता विचारलं, "काकी, वरचं सामान शेवटचं कधी लागलं?" त्या पटकन म्हणाल्या, "वादळात."

निसर्ग वादळ, ३ जून २०२०. श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं आणि दापोली-मंडणगडची छपरं, नारळी-पोफळी सगळं आडवं करून गेलं. लॉकडाऊन चालू, मुलगा डोंबिवलीला अडकलेला, लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही, आणि डोक्यावर पाऊस. कौलं, पत्रे, ताडपत्री पैसे देऊनही लवकर मिळेना. तेव्हा यजमानांनी कधीकाळी माळ्यावर रचून ठेवलेली जुनी कौलं शेजारच्या पोरांनी चढवली आणि देवघरापुरतं छप्पर झालं, उरलेल्यावर माळ्यावरचीच ताडपत्री, आणि उजेडाला तिथलाच कंदील. "हा म्हणतो कचरा. त्या रात्री कचराच होता गो बाय माझ्याजवळ, दुसरं कोण होतं?" मुलगा मागे दारात उभा होता, त्याने हे पहिल्यांदाच ऐकलं. ताडपत्री आणि कंदील त्या टेम्पोतून गेले होते.

आपण समजतो म्हातारी माणसं आठवणींना चिकटून बसतात. कित्येकदा ती आठवण नसतेच, पुन्हा तशी वेळ आली तर, ही भीती असते, आणि भीतीला "टाक गं आता" म्हणून काही होत नाही. म्हणून टाकण्याआधी ठेवायचं काय ते ठरवलं. पडवीत एक कोपरा वादळाच्या सामानाचा, मुलाने नवी ताडपत्री आणली, चार्जिंगचे दिवे आणले, चांगली कौलं तिथेच खाली रचली. यादी आईंनी सांगितली, त्याने लिहिली.

मग गाडी पुढे सरकली. रोज सकाळी अर्धा तास, वस्तू मुलाने खाली आणायच्या, निर्णय आईंचा, टाकलेली पिशवी त्यांच्यासमोर बाहेर जाणार. सुरुवात जीव न अडकलेल्या वस्तूंपासून. डालड्याच्या एका डब्यात सुतळीच्या लडी होत्या, प्रत्येक लडीला वेगळी गाठ मारलेली, त्या ठेवल्या. श्रीखंडाच्या डब्यांची चळत निघाली, एकालाही झाकण नाही, तर स्वतःच हसल्या, "शी, हे कशाला ठेवलंय मी?" जिथे अडेल ती वस्तू एका गोणीत, गोणीवर तारीख, शिमग्याला उघडून बघू. यजमानांचं मासे पकडायचं जाळं मात्र गोणीतही नाही आणि भंगारातही नाही, ते खुंटीला. मुलाने तोंड वाकडं केलं, मी म्हटलं राहू दे, जाळ्याच्या वजनाने तुळई मोडत नाही.

एक कामाची गोष्ट, हे पावसात काढू नका, दमट हवेत सगळ्याला बुरशी येते आणि चिडचिड वाढते, दसऱ्यानंतरचं ऊन किंवा आगोटीच्या आधीचे दिवस बरे. आणि उंदरांच्या लेंड्या असतील तर सुका झाडू मारू नका, आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, हातमोजे-मास्क घाला. लेप्टो उंदराच्या मुतातून पसरतो हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

काही ठिकाणी खरोखर दाखवावं लागतं. चालायला वाट उरली नाही, गॅसजवळ कागदांचे ढीग आहेत, नासलेलं अन्नही टाकवत नाही, किंवा आयुष्यभर टापटीप असलेलं माणूस उतारवयात अचानक साठवायला लागलं आणि सोबत विसरायलाही लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, कारण मागे नैराश्य किंवा डिमेन्शियाही असू शकतो. होर्डिंग असेल तर त्यासाठी वेगळ्या पद्धतीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती, आहे, वेळ लागतो, पण फरक पडतो. जवळपास डॉक्टर नसतील तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि फोन आईनेच करायला हवा असं काही नाही, घरातल्या कोणीही करावा.