'विर' म्हणजे वीर नव्हे

प्रश्न : मी सदाशिव पेठेत औषधाच्या दुकानात काम करतो. 'डोल्युटेग्राविर' या एचआयव्हीवरच्या औषधाला मराठीत प्रतिजैविक म्हणावं की विषाणूनाशक? आणि शेवटचं 'विर' म्हणजे आपला वीरच का?

उत्तर : प्रतिजैविक तर मुळीच नको. प्रतिजैविकं जिवाणूंवर चालतात, पण साध्या सर्दीलाही 'एक अँटिबायोटिक द्या हो' म्हणणारे सुशिक्षित पुण्यात पायलीचे पन्नास. 'नाशक'ही चूक. एचआयव्ही स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि इंटिग्रेज नावाच्या विकराकरवी (म्हणजे एन्झाइमकरवी) तो पेशीच्या डीएनएत घुसडतो. हे औषध त्या विकराला अडवतं. आधीच घुसलेलं तिथेच राहतं, म्हणून तर गोळी रोज घ्यायची. तेव्हा 'विषाणुरोधक' म्हणा. आणि समासात 'णु' ऱ्हस्व, कृपा करून.

आता 'विर'. औषधांची सामायिक (जेनेरिक) नावं जागतिक आरोग्य संघटना ठरवते. तिच्या पद्धतीत विषाणुरोधकांना 'विर' हे शेपूट, इंटिग्रेज रोखणाऱ्यांना 'टेग्राविर'. अमेरिकेत २००७ साली मंजूर झालेलं राल्टेग्राविर यातलं पहिलं, डोल्युटेग्राविर २०१३चं. 'डोल्यु'त अर्थ शोधू नका.

'विर' म्हणजे रोगाशी लढणारा वीर, असं एक परिभाषातज्ज्ञ व्याख्यानांतून सांगत फिरतात आणि टाळ्याही घेतात. लॅटिनमध्ये पुरुष या अर्थी 'विर' आहे आणि तो आपल्या वीराचा नातेवाईक आहे, इथवर त्यांचं खरं. पण त्यातली 'वि' ऱ्हस्व. औषधातलं 'विर' आलं 'वीरुस'वरून, म्हणजे व्हायरसवरून. त्यातली 'वी' दीर्घ आणि अर्थ विष! लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या 'स'चा पुढे 'र' झाला. म्हणजे 'वीरुस'मधला 'र' मुळात 'स'. संस्कृतात इ-उनंतरच्या त्याच 'स'चा 'ष' होतो. झालं की विष! पटत नसेल तर स्नुषा घ्या. लॅटिनमध्ये सुनेला 'नुरुस' म्हणतात. तोच ष, तोच र, आणि आपली 'सून' याच स्नुषेची प्राकृतातून आलेली लेक. व्याख्यात्यांनी सुनेला तरी विचारायचं होतं.

'विषाणूत विष नसतं, सबब शब्द चुकीचा' असं म्हणणारे शुद्धिवादी वेगळेच. व्हायरसमध्ये तरी कुठे असतं? माझं मत विचाराल तर, ज्यानं 'विषाणू' हा शब्द घडवला त्याला लॅटिन चांगलं येत असणार. पुण्यात १९५२ साली निघालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरची १९७८मध्ये राष्ट्रीय संस्था झाली. तिच्या इंग्रजी नावात व्हायरॉलॉजी आहे आणि हिंदी नावात विषाणु विज्ञान. दोघे सख्खे चुलत भाऊ, आणि हे ध्यानात न घेता आपण त्यांना मूळ आणि भाषांतर समजतो!

हां, टीएलडी या एकत्रित गोळीतल्या टेनोफोविर आणि डोल्युटेग्राविर या दोघांना शेपूट आहे, लॅमिव्हुडिनला नाही. तेही विषाणुरोधकच, पण नावाचं घराणं दुसरं.

आणि दुकानात आहात म्हणून : कुणी डोल्युटेग्राविरसोबत ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड मागितलं, तर व्युत्पत्ती राहू द्या, वेळ सांगा. ही गोळी अँटासिडच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनंतर.